भिजत घोंगडं

सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय चौथ्यांदा निघाला. तीच कोटेशनं, तोच खर्च, वरच्या मजल्यांची तीच कुरकुर आणि तळमजल्याचं तेच 'आम्हाला लिफ्ट लागतच नाही'. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, डास पोटऱ्या फोडत होते आणि प्रत्येकाला घरी जाऊन जेवायचं होतं. शेवटी मी उठलो आणि म्हणालो, "हे भिजत घोंगडं अजून किती दिवस ठेवायचं? एकदाचा काय तो निकाल लावा." दोघातिघांनी माना डोलावल्या. वाक्य बरं जमलं होतं, हे माझं मलाही कळलं. निकाल अर्थातच लागला नाही. पुढच्या सभेत बघू, असं सर्वानुमते ठरलं.

खुर्च्या गोळा करायला आमचे वॉचमन मामा आले. मामा आटपाडीकडचे, साठीच्या पुढचे, बोलणं बेतास बात. चार खुर्च्या एकात एक अडकवता अडकवता ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सायेब, घोंगडं भिजत घालणं वंगाळ न्हाई. नवं घोंगडं भिजवाया लागतंयच. त्याबिगर मऊ पडत न्हाई त्ये." मी हसलो. तेही हसले. पण ते खुर्च्या घेऊन गेले आणि मी जिने चढायला लागलो, तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

आयुष्यभर हा वाक्प्रचार मी वापरत आलोय. घोंगडं नेमकं कशासाठी भिजतं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

म्हणजे घोंगडं मला माहीत नव्हतं असं नाही. आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस तिथे पाहुण्यासारखा येतो, चहा न घेता जातो. पण आश्विनात परतीचा एखादा पाऊस असा कोसळतो की वर्षभराची कसर एका रात्रीत भरून काढतो. बाजरी निघालेली असायची, रान मोकळं असायचं, आणि आजोबा धनगरांना रानात मेंढरं बसवायला बोलवायचे. लेंड्या आणि मुताचं खत रानाला, त्याच्या बदल्यात धान्य आणि चहा-साखर वाड्याला. वाडा म्हणजे घर नव्हे. वाडा म्हणजे मेंढरं, कुत्री, पाठीवर बिऱ्हाड घेणारी घोडी, वाघरीचं जाळं लावून केलेलं कुंपण आणि तीन दगडांची चूल. दिवाळी झाली की हा सगळा संसार घाट उतरून कोकणाकडे चालू लागायचा, तो पावसाळ्याच्या तोंडावर परत.

तशाच एका रात्री आजोबांबरोबर मी चहाची किटली घेऊन रानात गेलो होतो. सहासात वर्षांचा असेन. आजोबांच्या हातात कंदील, माझ्या डोक्यावर छत्री, आणि छत्रीवर पाऊस असा वाजत होता की आजोबा काय बोलतायत ते ऐकू येत नव्हतं. वाघरीजवळ एक काळा दगड दिसला. कंदील जवळ गेल्यावर दगडाला काठी फुटली आणि मग तोंड. म्हातारा मेंढका उकिडवा बसला होता. घोंगड्याची खोळ करून डोक्यावरून घेतलेली, टोक कपाळावर आलेलं, बाकीचं अंगाभोवती जमिनीपर्यंत. त्यानं एका हातानं घोंगड्याची कड उचलली आणि मला आत ओढून घेतलं. आत गेल्याबरोबर पाऊस थांबला. खरं तर पडतच होता, फक्त त्याचा आवाज गेला. छत्रीवर ताशा वाजवणारा तोच पाऊस लोकरीवर पडताना तोंडातून शब्द काढत नव्हता. आत अंधार, तंबाखू, धूर आणि मेंढरांचा तो दाट, तेलकट, जरासा आंबूस वास. मांडीवर काहीतरी ओलं लागलं म्हणून दचकलो, तर ते कोकराचं नाक होतं. दोघेही आम्ही तिथे आश्रितच. कड जरा वर झाली तेव्हा कंदिलाच्या उजेडात मी बघितलं, बाहेरच्या बाजूनं घोंगड्याच्या केसांवर पाण्याचे थेंब मण्यांसारखे बसले होते, आणि म्हातारा हलला की ते घरंगळून खाली जात होते.

मोठेपणी याचं कारण वाचलं. लोकर ओली झाली की तिचे तंतू फुगतात, वीण आवळते, आणि पुढचं पाणी आत शिरायच्या आधी निथळून जातं. स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही, आणि ती ओल घेताना थोडी ऊबही सोडते. म्हणजे मेंढक्याचं घोंगडं भिजतं म्हणूनच मेंढका भिजत नाही.

आमच्या घरातलं घोंगडं मात्र वेगळ्या जातीचं होतं. लोकर तीच, विणणारे हात तेच, पण त्याचं काम अंथरण्याचं. कुणी आलं की आजोबांचा पहिला शब्द 'या' नसायचा, 'घोंगडं टाका' असायचा. ओसरीवर घोंगडं पसरलं जायचं, पाहुणा बूड टेकायचा, मग पाणी आणि मग ख्यालीखुशाली. अर्ध्या चड्डीत त्यावर बसलं की मांड्यांना असं टोचायचं की उठल्यावर वीण कातडीवर छापलेली असायची. असं अंथरायचं घोंगडं कधी पत्र्याच्या गळतीखाली सापडलं की घरात सुतक यायचं. ते ओलं घोंगडं दोघांना उचलत नसे, पिळायला हात पुरत नसत, दांडीवर टाकलं तर दांडी वाकायची. तीन दिवस वाळायचं नाही आणि तोवर सगळ्या घराला मेंढवाड्याचा वास. आता वाटतं, भिजत घोंगड्याचा वाक्प्रचार अशाच एखाद्या ओसरीवर जन्मला असावा, रानात नव्हे. ज्याला घोंगडं अंथरायचं आहे त्याला ते भिजलं की अडचण. ज्याला पांघरायचं आहे त्याची तक्रारच नाही.

या शब्दाची आणखी एक गंमत सभेच्या रात्री जेवताना लक्षात आली आणि घास तसाच राहिला. रेंगाळलेल्या कामाचं आपण नेहमी 'घोंगडं' करतो, 'घोंगडी' कधीच करत नाही. 'भिजत घोंगडी' म्हणून बघा, जीभ अडखळते. मराठीत टोपली आणि टोपलं, खुरपी आणि खुरपं अशा जोड्या आहेत. स्त्रीलिंगी ते नीटस, नपुंसकलिंगी ते दांडगं, ओबडधोबड, जरा हेटाळणीचं. ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या अभंगात भक्त देवाकडे भांडण घेऊन जातो, "कान्होबा, तुझी घोंगडी चांगली, आम्हांसि कां दिली वांगली", तिथे घोंगडी आहे. सातशे वर्षं वारकरी टाळावर ती घोळवतात. देवाच्या खांद्यावर असते ती घोंगडी, आणि आपल्या फायलींवर पडलेलं ते घोंगडं! वांगली म्हणजे वाईट, हलकी. मामांच्या भाषेत वंगाळ. पण मामा स्वतः 'घोंगडं'च म्हणतात, आणि त्यात हेटाळणीचा मागमूस नसतो. मग सुचलं की आपल्याकडे लेकरूही नपुंसकलिंगी आहे, वासरूही, कोकरूही. ज्याला रोज हात लागतो, ज्याला उराशी धरायचं, त्याचं लिंग विचारत बसायला धनगराला वेळ कुठला.

शब्द रानातल्या मेंढरासारखा हद्दी मानत नाही. आमच्या कचेरीत महबूबनगरकडचा एक सहकारी आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, आमच्याकडे गोंगडी, गोंगळीही म्हणतात. आणि मग हसत सुटला. तेलुगूत सुरवंटाला 'गोंगळि पुरुगु' म्हणतात, घोंगडी पांघरलेला किडा. शेजारी बसणारी धारवाडची मुलगी लगेच म्हणाली, कन्नडातही तसंच, 'कंबळि हुळु'. दोन भाषांनी दोन वेगळे शब्द घेऊन त्या केसाळ अळीच्या अंगावर एकच वस्त्र घातलं. धनगर, कुरुबा, कुरुमा, नावं बदलतात. दख्खनची पठारं तीच, काळी राठ मेंढी तीच, पावसात उकिडवं बसायची रीतही तीच. आपण मराठी लोक सुरवंटाला सुरवंटच म्हणत राहिलो, याचं मला उगाच वाईट वाटलं.

त्या कन्नड कंबळीचा आणि आपल्या कांबळ्याचा जुना नातेवाईक कंबल. तो शोधत गेलो तर पार अथर्ववेदात जाऊन थांबलो. चौदाव्या कांडात लग्नाची सूक्तं आहेत. त्यात म्हटलंय की लग्नात आणि वरातीत जे काही वावगं झालं असेल, मळ लागला असेल, ते सगळं आम्ही संभलाच्या कंबलाला पुसून टाकतो. संभल म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ. तेव्हापासून आजपर्यंत लग्नातल्या सगळ्या भानगडी मध्यस्थाच्याच अंगावर पुसल्या जातात, यात काही बदल झालेला नाही. पाणिनीनं तर कंबलासाठी एक आख्खं सूत्र खर्च केलंय, 'कम्बलाच्च संज्ञायाम्'. त्यातून 'कम्बल्य' शब्द होतो, म्हणजे एका घोंगडीला लागेल एवढी लोकर, आणि टीकाकार तिचं माप देतात, शंभर पल. घोंगडीला लोकर किती, हा प्रश्न व्याकरणात शिरण्याइतका बाजारात रोजचा होता. दुसऱ्या दिवशी मी मामांना विचारलं, एका घोंगड्याला लोकर किती लागते? त्यांनी पल नाही सांगितलं, किलो नाही सांगितलं. म्हणाले, "धा-बारा मेंढरं."

आता मी रोज रात्री गेटच्या केबिनीत पाच-दहा मिनिटं रेंगाळायला लागलो होतो. मामांच्या अंगात कंपनीचं निळं नायलॉनचं जाकीट, पाठीवर पिवळ्या अक्षरांत 'सुरक्षा'. खुर्चीवर पानिपतची ती फुलाफुलांची ब्लँकेट, हलकी, स्वस्त, धुतली की गोळे येणारी. बोलताना मामांचा उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत राहतं. आधी वाटलं सवय असेल. मग कळलं, मेंढरांमागं चालता चालता टकळीवर सूत काढायचे, ते बोटांतून अजून गेलेलं नाही.

त्यांनी सांगितलेलं मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्यांचं बोलणं उतरवून घ्यायला मी कुणी संशोधक नाही. मेंढरू वर्षातून दोनदा कातरतात. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. माणसाच्या पोराचं ते जावळ आणि मेंढीच्या पोराचंही जावळच. ते सगळ्यात मऊ, त्याचं घोंगडं टोचत नाही, आणि ते ज्याच्याकडे असतं तो ते पोरीच्या लग्नात नाहीतर देवाच्या कामालाच बाहेर काढतो. लोकर पिंजायची, सूत काढायचं, आणि मग ते सनगराकडे जायचं. मेंढरं धनगराची, माग सनगराचा. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणणारा बसलेला, आणि सुताला चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजायचे, फोडायचे, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे. घरभर एक करपट आंबट वास. ती खळ ताण्यावर कुंच्यानं ओढली की सूत तारेसारखं होतं आणि मागावर तुटत नाही. पण म्हणूनच नवं घोंगडं पापडासारखं ताठ. उभं केलं तर उभं राहील. ते ओढ्याला न्यायचं, पाण्यात घालायचं, दोघांनी समोरासमोर उभं राहून तुडवायचं, पुन्हा पाण्यात, पुन्हा तुडवायचं. खळ निघून जाते, लोकरीचे केस एकमेकांत गुंततात, घोंगडं थोडं आटतं आणि दाट होतं. "घाई केली की फसलं," मामा म्हणाले. "दोन दिस ऱ्हाऊ द्या की पाण्यात. कोन धावून चाललंय?"

हे ऐकताना मला आमची सभा आठवत होती आणि हसू येत होतं. पण खरं सांगायचं तर लिफ्ट म्हणजे घोंगडं नव्हे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गेले दोन महिने खाली उतरलेल्या नाहीत. मामांचं म्हणणं लिफ्टला लागू करून कमिटीला मोकळं सोडायची माझी तयारी नव्हती.

मामांकडे आता मेंढरं नाहीत. मुलगा टेम्पो चालवतो. गावात भावकीकडे आहेत, पण ती मडग्याळी. जत तालुक्यातल्या मडग्याळ गावाच्या नावाची ही मेंढी, रोमन नाकाची, उंच, वजनाला झपाझप भरणारी. मटणाचा भाव तिला चांगला येतो. अंगावर लोकर मात्र नावालाच. काळ्या दख्खनी मेंढीची लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून लोकर बांधावर टाकून देतात, कुणी खड्ड्यात पुरतात. कातरल्याशिवाय इलाज नसतो, उन्हाळ्यात जनावर हैराण होतं. ज्या लोकरीच्या मापासाठी पाणिनीनं सूत्र लिहिलं, ती आता फेकायलाही त्रास. मग माणसानं मेंढीच बदलली. घोंगडी विणणारे कमी झाले हे मी ऐकून होतो. घोंगडीला लागणारी मेंढीसुद्धा कळपातून निघून चालली आहे, हे मला केबिनीच्या दारात उभं राहून कळलं.

शब्द मात्र जोरात आहे. निवडणूक आली की 'घोंगडी बैठका' होतात. पुढारी पारावर घोंगडीवर मांडी घालून बसतात, फोटो निघतो. सत्कारात काठी, पिवळा फेटा आणि खांद्यावर घोंगडं. एसी गाडीत शिरताना ते घोंगडं मागच्या माणसाच्या हातात जातं. मी यावर नाक मुरडायला बसलो होतो, तेवढ्यात आठवलं की मीही सभेत तेच केलं होतं. फरक इतकाच की मी वाक्यापुरतं पांघरलं आणि जेवायला घरी गेलो.

मामांना एकदा विचारलं, तुमचं स्वतःचं घोंगडं कुठंय? म्हणाले, गावाला, बिरोबाच्या पुढं. मग आपणहोऊन पट्टणकोडोलीच्या जत्रेचं सांगत बसले. विठ्ठल-बिरदेवाची जत्रा. लाखो माणसं, आभाळ पिवळं होईतो भंडारा, खारीक-खोबरं आणि त्याच्याबरोबर लोकर उधळायची. हवेत लोकर उडते आणि घामेजलेल्या, भंडाऱ्यानं माखलेल्या अंगांना चिकटते. "तितं लोकर लागतीच," मामा म्हणाले. "देवाला मडग्याळी चालत न्हाई."

त्या रविवारी मी आमच्या माळ्यावर चढलो. गावचं घर बंद केलं तेव्हा आईनं एक घोंगडं आणलेलं, ते प्लास्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्या घालून, नाताळच्या झाडाच्या आणि जुन्या स्टॅबिलायझरच्या मागे पडलं होतं. पिशवी उघडली तर आधी डांबरगोळ्यांचा दर्प आला आणि मग तळातून राखेसारखा भुगा. कसर लागली होती. उजेडाकडे धरलं तर मधोमध चाळण, आठ-दहा भोकांतून समोरची बिल्डिंग दिसत होती. कडेच्या दशा निघालेल्या. संस्कृतात वस्त्राच्या सुट्या दोऱ्यांनाही दशा म्हणतात आणि माणसाच्या अवस्थेलाही; त्या क्षणी दोन्ही अर्थ माझ्या हातात होते. आईनं बघितलं, काही बोलली नाही. दोन बोटं भोकात घालून ती नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांना यावरच ठेवलं होतं, न्यायच्या आधी." हे मला माहीत नव्हतं.

ते परत पिशवीत घालायला हात होईना. मुलीच्या लहानपणीचा आंघोळीचा टब काढला, तोंडापर्यंत पाणी भरलं आणि घोंगडं त्यात सोडलं. आधी ते तरंगलं. पाणी अंगाला लावूनच घेईना. दाबलं की बुडायचं, सोडलं की पाठ वर काढायचं. अर्ध्या तासानं हळूहळू खाली गेलं आणि पाणी चहासारखं झालं. आणि मग वास आला. डांबरगोळ्यांच्या खालून, चाळीस वर्षांच्या खालून, तो तेलकट आंबूस वास, आणि बाथरूमच्या पांढऱ्या फरश्यांमध्ये मी एकदम सहा वर्षांचा झालो. बायको दारात नाकाला पदर लावून उभी. "मेंढरं आणलीत का घरात?" मुलीनं दार लावून घेतलं. मी पँट वर खोचून टबात उतरलो आणि तुडवायला लागलो. भोकं बुजतील अशी काही आशा नव्हती. पायाखाली ते आधी राठ लागत होतं, मग जरा कमी राठ.

दुसऱ्या संध्याकाळी पाणी टाकलं. आता ते वाळायला गच्चीवर न्यायचं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, गच्ची सातव्याच्या वर आणि लिफ्ट बंद. ओलं घोंगडं खांद्यावर घेऊन मी जिने चढलो. पाचव्या मजल्यापर्यंत शर्ट चिंब, पायरीपायरीवर तपकिरी पाण्याचे ओघळ, आणि वाटेत भेटलेल्या सेक्रेटरींनी भिंतीला चिकटून मला वाट दिली. त्यांनी काय समजायचं ते समजावं. कठड्यावर घोंगडं पसरलं तेव्हा त्याच्या चारही कडांतून पाणी टपकत होतं.

रात्रीच्या फेरीत मामा वर आले. टॉर्च बंद केली, कड हातात घेतली, अंगठा आणि बोटात धरून चोळली. बराच वेळ. "जावळाचं हाय," म्हणाले. भोकांबद्दल काही बोलले नाहीत. घोंगड्याचा आतला भाग बाहेर करून पुन्हा कठड्यावर टाकला, एक सुरकुती हातानं काढली. "अजून दोन दिस लागत्याल. ऊन न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला: "गच्चीवर कोणाचे तरी घोंगडे भिजत पडले आहे. वास येत आहे. संबंधितांनी त्वरित निकाल लावावा."

मी लिहिलं, अजून दोन दिवस.